चष्म्याच्या दुकानावरचा कारखाना

किस्से काही ठरवून गोळा होत नाहीत. रविवारी दुपारी आम्ही पाच जण एका टेबलाभोवती बसतो. मान खाली, हातात चिमटा, तोंडाला कुलूप. संध्याकाळी उठताना टेबल झाडलं की लाकडाचा भुसा निघतो, कागदाचे कपटे निघतात, आणि अधूनमधून एखादा किस्सा निघतो. भुसा आम्ही टाकून देतो. किस्से तसेच साठत गेले. माझी मावशी म्हणते, "सांगून टाक कुणाला तरी, नायतर तुझ्या पोटात दुखंल." म्हणून सांगते.

आधी आमचा उद्योग सांगायला पाहिजे. मोठ्या वस्तूंच्या आम्ही लहान प्रतिकृती करतो. बस, जहाज, बारव, झाड, घर. खेळणी नव्हेत. सगळं मापात, खऱ्या वस्तूत जे जेवढं, तेच त्या प्रमाणात लहान. विकत आम्ही काही नाही. त्यामुळं "मग कशासाठी करता?" हा प्रश्न आम्हाला इतक्या जणांनी विचारलाय, की एकमेकांना विचारायचं आम्ही सोडून दिलंय. मला स्वतःला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही. जे बघितलं तेवढं सांगू शकते.

*

मी नांदेडात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा. चाळिशी आली तसा घरी सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा चष्मा करायला इक्बालभाईंच्या दुकानात गेले. दुकान त्यांच्या वडिलांपासूनचं. भिंतीवर अक्षरांचा नेहमीचा तक्ता होता. पण जवळचं वाचायला जे कार्ड हातात देतात, ते त्यांनी दिलं नाही. काउंटरखालून त्यांनी एक लाल एसटी काढली, तळहातावर मावेल एवढी, आणि माझ्यासमोर धरली.

"पाटी वाचा," म्हणाले.

बसच्या कपाळावर खरंच पाटी होती. मला नुसती एक पांढरी रेघ दिसत होती. त्यांनी माझ्या नाकावर ठेवलेल्या चौकटीत एक काच घातली, काढली, दुसरी घातली. मग एका काचेला ती पाटी एकदम उघडली. नांदेड ते उदगीर, मार्गे मुखेड.

डोळे तपासायला आलेय हेच मी विसरले. बस हातात घेतली आणि फिरवून फिरवून बघायला लागले. टायरला चिखल होता. मागच्या शिडीचा एक दांडा वाकलेला होता. टाकीखाली डिझेलचा ओघळ होता. खिडक्यांच्या काचा मात्र धुळीनं काळपट, आतलं काही दिसत नव्हतं. कुणी केलं म्हणून विचारलं, तर म्हणाले मीच, वरच्या खोलीत लई वर्षांपासून करून राहिलो.

मी म्हटलं, "पण भाई, एवढी बारीक पाटी वाचणार कोण?"

त्यांनी माझ्या नंबराचा कागद लिहिला, घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आत्ताच वाचली की तुम्ही. रविवारी वर या, ताई."

*

वर गेले तर तिथं लातूरचे डॉक्टर बिरादार बसलेले. दातांचे डॉक्टर. दर रविवारी एवढ्यासाठी नांदेडला येतात. ते शिडाची जहाजं करतात, दुसरं काही नाही. आता लातूर आणि जहाज! नळाला पाणी आलं तर लोक एकमेकांना फोन करून सांगतात, असं आमचं लातूर. पण डॉक्टरांच्या जहाजाचे दोर टाके घालायच्या दोऱ्याचे असतात, फटी दात भरायच्या सिमेंटनं बुजवलेल्या असतात, आणि त्यांच्या डेकवर बोट फिरवलं तर फळीला फळी जोडलेली कळते.

त्यांच्या दवाखान्यात पेशंट खुर्चीत आडवा झाला की त्याला छतच दिसणार. म्हणून डॉक्टरांनी छताखाली निळी फळी बसवली आणि त्या फळीतून एका जहाजाचा नुसता बुडाचा भाग खाली काढला. म्हणजे खुर्चीत पडणाऱ्याला वाटावं, आपण समुद्राच्या तळाशी पडलोय आणि वरून जहाज चाललंय. सुकाणू, बुडाला चिकटलेले शंख-शिंपले, सगळं. त्यांची कंपाउंडर सांगते, रडत आलेलं माणूससुद्धा तिथं पडलं की गप होतं. तोंड उघडा असं सांगावं लागत नाही, ते आपोआप उघडतं.

औश्याकडचे एक म्हातारे त्यांच्याकडं वर्षानुवर्षं येत होते. एकेक करून त्यांचे सगळे दात निघाले. कवळी बसवली, ती नीट बसली, काम संपलं. तरी पुढच्या महिन्यात म्हातारबा हजर. डॉक्टरांनी कवळी बघितली. ठीक होती. हिरड्या बघितल्या. त्याही ठीक. मग विचारलं, बाबा, दुखतंय तरी काय?

म्हातारबा म्हणाले, "दुखत न्हाई काही. जरा पडायला आलो. पाण्याखाली बरं वाटतं."

*

डॉक्टरांनी समुद्र बघितलेला नव्हता. अर्धं आयुष्य जहाजं करण्यात गेलेला माणूस! मुलीच्या ॲडमिशनसाठी मुंबईला जायची वेळ आली, तेव्हा त्यांच्या बायकोनं ठरवलं, की या माणसाला एकदा खरं जहाज दाखवायचंच. ओळखीतून ओळख काढून बंदरात जायची सोय केली. हे मला वहिनींनीच सांगितलं.

धक्क्याला एक मालवाहू जहाज लागलेलं होतं. मायलेकी जहाज बघायचं सोडून डॉक्टरांचं तोंड बघत उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी मान वर केली. मग आणखी वर केली. मग जहाजाच्या कडेकडेनं पार त्या टोकापर्यंत चालत गेले, आणि तसेच चालत परत आले.

वहिनींनी न राहवून विचारलं, "कसं वाटलं?"

"चांगलं हाय," डॉक्टर म्हणाले. "पण जरा मोठं झालंय."

वहिनी हे सांगताना हसून हसून बेजार झाल्या. आम्हीही हसलो. डॉक्टर हसले नाहीत. ते एका डोलकाठीला दोरा बांधत होते. गाठ बसल्यावर चिमटा खाली ठेवून मला म्हणाले, "मॅडम, तिथं उभं राहिलं की एक टोक दिसतं तर दुसरं दिसत न्हाई. पूर्ण जहाज मला फक्त घरी दिसतं."

*

मला वाटलं होतं, मीपण बसच करीन. जमली नाही. माझ्या हातानं सरळ रेघ सरळ येत नाही. पण वाकडी फार चांगली येते हे इक्बालभाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला झाडांवर टाकलं. तेव्हापासून मी सगळ्यांच्या कामाला लागणारी झाडं करते. तांब्याची तार पिळून खोड आणि फांद्या, त्यावर भुसा आणि डिंक, पानांना चहाचा वाळवलेला चोथा. कडुलिंब करायला सोपा. बाभूळ अवघड. बाभळीची फांदी कुठं वळेल हे बाभळीलाच माहीत.

एक बाभूळ नीट करायची म्हणून मी गोदावरीच्या काठी खऱ्या बाभळीखाली इतक्या वेळा जाऊन उभी राहिले, की तिथं शेळ्या चारणाऱ्या बाईनं शेवटी विचारलं, काय हरवलं का बाई? काटे मी ब्रशच्या केसांचे केले. एकेक केस चिमट्यानं धरून टोचला. झाड वाळायला म्हणून खिडकीत ठेवलं आणि घरी गेले.

पुढच्या रविवारी वर आले तर बाभळीच्या दोन फांद्यांमध्ये जाळं. मधोमध एक बारीकसा कोळी, आपलं घर असल्यासारखा. मी फडकं घेऊन पुसायला निघाले. डॉक्टर भिंग घेऊन आले, वाकून कितीतरी वेळ बघत राहिले, आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "जाळं प्रमाणात न्हाई. बाकी झाड बरोबर आहे."

इक्बालभाईंनी माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"राहू द्या, ताई," म्हणाले. "त्याला झाड पटलं."

*

मग आम्ही एकदा प्रदर्शन भरवलं. दिवाळीच्या सुटीत एका शाळेचा हॉल मिळाला. उद्घाटनाला एक मोठे पुढारी आले. नाव सांगत नाही. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागं माणसांचा घोळका. पाचच मिनिटं आहेत असं आधीच सांगून ठेवलेलं. साहेबांनी फीत कापली आणि भराभर टेबलांवरून नजर टाकत निघाले.

इक्बालभाईंनी त्या वर्षी एक अख्खं बसस्टँड केलं होतं. फलाट, चौकशीची खिडकी, रसवंती, माझ्या हातचे दोन लिंब, उभ्या असलेल्या बसेस. लहान पोरांच्या बुटक्या बाकांवर ते मांडलेलं होतं. साहेब तिथं थांबले. जरा वाकले. मग उकिडवे बसले. मग त्या इस्त्रीच्या कपड्यांनिशी सरळ फरशीवर मांडी घालून बसले, आणि डोळा फलाटाच्या उंचीवर आणून आरपार बघायला लागले.

पाच मिनिटं होऊन गेली. त्यांचा पीए कानात सांगायला म्हणून वाकला. वाकल्यावर त्याला फलाट दिसला. सांगायचं राहूनच गेलं आणि तोही शेजारी बसला. बाहेर गाडी तापत होती. काय अडलंय बघायला ड्रायव्हर आत आला, दोघांकडं बघितलं, आणि त्यांच्यामागं उकिडवा बसला. हॉलमधली माणसं त्यांना वळसा घालून पुढं जात होती.

बऱ्याच वेळानं ड्रायव्हर हळूच म्हणाला, "साहेब, आपली गाडी रसवंतीपाशी लावता येईल. सावली हाय."

साहेबांनी फलाटाकडं बघितलं, रसवंतीकडं बघितलं, विचार केला.

"नको," म्हणाले. "बस मागं घ्यायला जागा राहणार न्हाई."

*

प्रदर्शन संपलं त्या संध्याकाळची गोष्ट. सामान खोक्यांत भरणं चाललं होतं. इक्बालभाईंची ती उदगीरची बस, मी जिची पाटी वाचली होती ती, डॉक्टरांच्या हातात होती. पाय सतरंजीत अडकला आणि डॉक्टर अडखळले. बस त्यांनी सोडली नाही, पण बसचा वरचा टप मात्र निसटून बाजूला पडला.

आम्ही सगळे धावलो. डॉक्टर सॉरी म्हणायला लागले आणि मधेच थांबले.

बस भरलेली होती.

वर्षानुवर्षं ती बस काउंटरखाली होती. शेकडो जणांनी तिच्यावरची पाटी वाचली असेल. काळपट काचांमागं काय आहे हे कुणाला माहीत नव्हतं. आत सीटांवर माणसं होती. प्रत्येकाला तोंड होतं, आणि एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नव्हतं. एक जण शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून झोपला होता, आणि शेजाऱ्याला ते आवडलेलं नव्हतं. खिडकीशी एक नवी नवरी होती, तिच्या मांडीवर पत्र्याची पेटी. बुरख्यातली एक म्हातारी पानाचा डबा उघडून बसली होती. दोन सीटांमधल्या वाटेत ज्वारीचं पोतं, पोत्यावर एक माणूस. मागच्या सीटखालून एक शेळी बाहेर डोकावत होती. कंडक्टर पुढं सरका म्हणत असावा, कारण त्याचा हात तसा होता.

मी खाली बसले आणि चष्मा पुसून परत बघितलं. ह्या माणसांना करायला किती दिवस गेले असतील याचा मी मनात अंदाज करत होते आणि तो जमत नव्हता.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं. "भाई, इतकं सगळं केलं, आणि वरून बंद करून टाकलं? कुणाला दाखवलंसुद्धा न्हाई?"

इक्बालभाईंनी टप उचलला, शर्टाच्या बाहीनं पुसला, आणि सगळी माणसं नीट बसलीत ना हे बघून अलगद परत बसवला.

"काय करणार, डॉक्टरसाब," म्हणाले. "बस सुटायची वेळ झाली होती."

*

सुमनबाई आमच्यातल्या सगळ्यात वयस्क. शिरूर अनंतपाळकडच्या एका गावात शाळेवर होत्या, आता लेकीकडं नांदेडला असतात. त्या बारवा करतात. आपल्याकडं गावोगाव पायऱ्यांच्या जुन्या दगडी विहिरी आहेत ना, त्या. बाई टेप घेऊन खाली उतरतात, मापं घेतात, आणि घरी येऊन ती बारव ताटाएवढी करतात. दगडासाठी वापरतात पाटीवरच्या पेन्सिली. करड्या रंगाच्या पेन्सिलीचे तुकडे घासून एकावर एक लावले की काळ्या पाषाणाच्या पायऱ्या वाटतात.

ज्या गावात त्यांची नोकरी झाली, त्या गावची बारव मात्र त्यांना करता येत नव्हती. ती गाळानं आणि कचऱ्यानं निम्म्याहून जास्त भरलेली. तळ बघितलेलं माणूस उरलं नव्हतं. बाईंनी गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारलं, त्यांच्या सासवा काय सांगायच्या ते विचारलं. प्रत्येकीचं वेगळं. मग सगळ्यांचं ऐकून बाईंनी अंदाजानं तळ केला, आणि ती बारव घेऊन गावात गेल्या. पारावर ठेवली.

गाव जमलं. आपली बारव आपल्याच पारावर, आतून! थोडा वेळ सगळे बघत राहिले आणि मग भांडण लागलं. एक आजोबा म्हणाले, देवाची देवळी या अंगाला न्हाई, त्या अंगाला. दुसरे म्हणाले, खाली आणखी एक टप्पा आहे, माझा बाप तिथं पोहायचा. तिसरे म्हणाले, काही न्हाई, बाईंनी केलंय तेच बरोबर, त्यांनी मला शिकवलंय. सुमनबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. त्या एवढंच म्हणाल्या, की माझं चुकलं असंल, पण दाखवल्याशिवाय मी मानणार न्हाई.

ही गोष्ट गावाला लागली. दुसऱ्या दिवसापासून माणसं फावडी घेऊन बारवेत उतरली. पाणी पाहिजे म्हणून नाही, पुरातन ठेवा वगैरे म्हणूनही नाही. बाईंचं चुकलं का आजोबांचं, एवढंच बघायचं म्हणून! उन्हाळाभर खणणं चाललं. गाळाच्या ट्रॉल्यांवर ट्रॉल्या निघाल्या. बाया टोपल्या द्यायला लागल्या. खणता खणता बाईंच्या तळाची पातळी आली, आणि तळ लागला नाही. खाली आणखी एक टप्पा निघाला. त्याच्याखाली अजून एक, कोरीव कठड्याचा. तिथं दगड ओले होते.

बाईंना बोलावणं आलं. त्यांनी आम्हालाही बरोबर नेलं, म्हणून हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. सगळं गाव कडेनं उभं. सुमनबाई पदर खोचून एकेक पायरी खाली उतरत गेल्या. त्यांनी केलेला तळ जिथं संपत होता तिथं थांबल्या, आणि मग त्याच्याही खाली उतरल्या. शेवटच्या पायरीवर पाणी होतं. त्यात त्यांनी हात बुडवला.

वर आल्यावर सरपंच, तोही त्यांचाच विद्यार्थी, मान खाली घालून म्हणाला, "बाई, तुमचं चुकलं."

"हाव," बाई म्हणाल्या. "लई चुकलं."

त्यांचे डोळे भरून आले होते. सरपंच घाबरला, बाईंना वाईट वाटलं म्हणून समजूत घालायला लागला. बाईंनी ओल्याच हातानं त्याच्या गालाला हात लावला.

"आयुष्यभर पोरांचं तपासलं," म्हणाल्या. "माझं कुणी इतक्या मनानं तपासलं नव्हतं."

*

आता नागनाथराव. आमच्यात सगळ्यात शेवटी आले. रेल्वेतून रिटायर झालेले, निम्मी नोकरी उदगीर स्टेशनात. त्यामुळं आम्ही धरूनच चाललो होतो, की हे आता इंजिन करणार. डॉक्टरांनी तर हौसेनं चाकांसाठी पितळी चकत्या आणून ठेवल्या. नागनाथराव म्हणाले, इंजिन नको, मला क्वार्टर करायचं आहे. उदगीरला स्टेशनामागं ते राहत होते ते दोन खोल्यांचं क्वार्टर. ते आता पाडून टाकलंय.

बोलणारा माणूस नव्हे. यायचे, बसायचे, काम करायचे, जायचे. हात नवशिका होता, भिंती दोनदा वाकड्या झाल्या आणि त्यांनी दोन्ही वेळा मोडून परत केल्या. आम्ही सगळ्यांनी थोडं थोडं दिलं. मी मागच्या अंगणातलं सीताफळाचं झाड दिलं. इक्बालभाईंनी खिडक्यांना चष्म्याची काच कापून दिली. सुमनबाईंनी पेन्सिलीची दगडी पायरी दिली. एकाच गोष्टीवर नागनाथराव अडून बसले. दार. आम्ही दारं चिकटवून टाकतो, उघडी तर उघडी, बंद तर बंद. ते म्हणाले, दार उघडलं पाहिजे, लागलं पाहिजे, आणि आतून कडीही बसली पाहिजे. डॉक्टरांनी दाताच्या तारेच्या बिजागऱ्या करून दिल्या. कडी मात्र नागनाथरावांनी स्वतः केली. ती होईपर्यंत कितीतरी रविवार गेले. मग ते घर घेऊन गेले आणि यायचे बंद झाले.

पावसाळा संपता संपता एका रविवारी परत आले. कामाला बसले नाहीत. खुर्ची ओढून टेकले आणि आपणहून बोलायला लागले. तोपर्यंत त्यांच्या घरचं आम्हाला काही माहीत नव्हतं.

त्यांच्या मंडळी शरणम्माकाकू. माहेर भालकीकडचं, माहेरची बोली कानडी. त्यांना विसरायला होत होतं. आधी वस्तू, मग माणसं. मराठी हळूहळू गेली, कानडी राहिली. लेकाच्या नांदेडच्या फ्लॅटमध्ये ते राहतात, पण तो फ्लॅट काकूंना आपला वाटायचाच नाही. रोज दिवेलागणीला पिशवीत दोन लुगडी भरायच्या आणि दारात जाऊन उभ्या राहायच्या. "मनेगे होगोणा." घरी जाऊ या. नागनाथराव त्यांना घेऊन बिल्डिंगला एक फेरी मारायचे आणि त्याच दारात परत आणायचे. कधी कधी ते त्यांना पटायचं. बऱ्याचदा पटायचं नाही. मग रडणं, ओरडणं, लेकाला परका माणूस म्हणून मारणं.

नागनाथरावांनी क्वार्टर नेलं आणि बाहेरच्या खोलीत स्टुलावर ठेवलं. कुणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळी काकू पिशवी घेऊन आल्या. दाराकडं निघाल्या होत्या त्या थांबल्या. पिशवी खाली ठेवली. स्टुलापाशी बसल्या. खिडकीतून आत बघितलं, मागं जाऊन सीताफळाच्या झाडाला हात लावला, परत पुढं आल्या. बोटानं दार ढकललं. दार उघडलं. कितीतरी वेळ आत बघत बसल्या. मग दार ओढून घेतलं, दाराशेजारच्या उघड्या खिडकीतून नख आत घालून कडी लावली. आणि उठून, पिशवी आपली आपणच आत नेऊन, लुगडी कपाटात ठेवून दिली. त्या संध्याकाळी घरी जाऊ या म्हणाल्या नाहीत.

तेव्हापासून रोज तेच. दिवेलागण झाली, की काकू येणार, दार उघडून आत बघणार, दार लावणार, कडी घालणार, आणि निवांत होणार. लेक म्हणायचा, बाबा, हे काय केलं तुम्ही?

"परवा काय झालं," नागनाथराव म्हणाले, आणि थांबले. इक्बालभाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला. त्यांनी तो नुसता हातात धरला.

परवा ते दूध आणायला गेले होते. यायला जरा उशीर झाला. दार उघडून आत आले, पायात चपला तशाच, हातात दुधाची पिशवी. काकू स्टुलापाशी बसलेल्या. कडी घालून झालेली. आवाजानं त्यांनी वळून बघितलं. यांच्याकडं बघितलं, मग त्या लहान दाराकडं बघितलं, परत यांच्याकडं. महिनोन् महिने त्यांनी नवऱ्याला ओळखलेलं नव्हतं.

"अय्यो," काकू म्हणाल्या. कानडीत म्हणाल्या, की तुम्ही बाहेरच राहिलात की हो.

परत खाली वाकल्या. नखानं कडी काढली. दार पूर्ण उघडलं, भिंतीला लागेपर्यंत. आणि वाट सोडून, पदर सावरून, बाजूला सरकून बसल्या.

"ओळगे बन्नि," म्हणाल्या. आत या.

डॉक्टरांच्या हातात चिमटा तसाच होता. सुमनबाई खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या.

शेवटी इक्बालभाईंनीच हळू आवाजात विचारलं, "मग?"

"मग काय," नागनाथराव म्हणाले. "चपला काढल्या."